वांगी रंगाचा सिलिंडर

२०२४ च्या जूनमध्ये लोकसभेची आचारसंहिता उठली आणि निवडणुकीपुरतं जमा केलेलं रिव्हॉल्व्हर मी परत घेऊन आलो. सोप्यात बसलो, पाऊस नुकताच उघडलेला, दारातनं लख्ख ऊन आत आलेलं, म्हटलं पुसून जरा तेलाचा हात फिरवावा. कातडी होल्स्टरमधनं बाहेर काढलं, पहिल्यांदा सवयीनं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता गोल, बाजूला काढून सहाच्या सहा घरं रिकामी आहेत ते बघितलं, आणि तो सिलिंडर उन्हात आला तसा मी बघतच राहिलो. नळी काळी, फ्रेम काळी आणि मधला सिलिंडर जांभळट. डाग नव्हे, पट्टा नव्हे, आख्खा सिलिंडर. आत नेऊन ट्यूबलाइटखाली धरला तर काळाच दिसतोय, परत उन्हात आणला की जांभळा. बायको कपडे वाळत घालायला निघाली होती, ती थांबली आणि बघून म्हणाली, "अहो, हा वांगी कलर आहे." साडीच्या दुकानात ज्याला वांगी कलर म्हणतात ना, अगदी तोच, काळ्याच्या आत लपलेला जांभळा.

मग नीट बघायला लागलो तर एकेक दिसत गेलं. उजव्या बाजूच्या प्लेटवर चार आण्याएवढा एक तपकिरी गोल. होल्स्टरचं पितळी बटण जिथं टेकत होतं तिथं हिरवट चिकट थर. आणि प्लेटच्या स्क्रूच्या कडेनं पांढरी पावडर, मीठ फुटल्यासारखी. घोड्याच्या, म्हणजे हॅमरच्या, बुडाशी पण थोडी. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा हेच हत्यार आरशासारखं काळंभोर होतं, त्याच्यावर भाळूनच मी घेतलं होतं खरं सांगायचं तर.

घेतलं कसं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यातच आहे. आमचा ऊस करवीर तालुक्यात नदीच्या अंगाला, रात्रीची पाळी असली की मोटर सुरू करायला एकट्यानं जावं लागतंय, वडिलांच्या नावचं लायसन होतं, पुढं माझं झालं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका लायसनवर तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवायची असं ठरलं, ज्यांच्याकडं तीन होती त्यांना जादाचं एक वर्षाच्या आत जमा करायचं होतं. नदीकाठच्या चिखलीच्या एका आबांच्याकडं तीन होती, डबल बार बारा बोअर, एक पॉइंट टू टू रायफल आणि हे पॉइंट थ्री टू रिव्हॉल्व्हर. बंदूक वडिलार्जित, रायफल आवडीची, मग रिव्हॉल्व्हर डीलरकडं डिपॉझिटला गेलं. तिथनं मी परवानगी, ट्रान्सफर, नोंद सगळं रीतसर करून २०२१ च्या सुरुवातीला घेतलं. स्मिथ अँड वेसनचं जुनं हँड इजेक्टर, सव्वाचार इंची नळी. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर सामान्य लायसनवाल्याला बाहेरची हत्यारं आणणं जवळजवळ बंदच झालं, त्यामुळं असलं जुनं परदेशी हत्यार मिळालं की लोक डोळे झाकून घेतात. काडतुसं मात्र आपल्या खडकीच्या कारखान्याची बसतात, तो एक मोठा आधार.

तर त्या दिवशी मनात पहिली शंका आली ती सिलिंडर बदलला असेल काय ही. ती लगेच फिटली, कारण जुन्या स्मिथ अँड वेसनवर मुठीच्या बुडाला जो नंबर असतो तोच सिलिंडरवरही मारलेला असतो, भिंग लावून बघितलं, दोन्ही नंबर एकच. दुसरी शंका जास्त वाईट होती. हे कधी आगीत सापडलं नसेल ना? कारण पोलाद तापलं की रंग चढतात हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, उद्यमनगरात लहानपणी एकदा तरी कुणीही हार्डनिंगची भट्टी बघितलेली असते. आणि आगीत तापलेलं हत्यार म्हणजे त्याचं पाणी उतरलेलं, ते वापरायचं नसतंय, मग कितीही चकचकीत दिसू दे.

ह्या दोन शंकांच्या मधे मी एक चूक केली, ती लपवत नाही. तो तपकिरी गोल मला गंज वाटला, आणि वरवरचा गंज होताच तो, पण मी हार्डवेअरच्या दुकानातनं गंज काढायचं लिक्विड आणलं, कापसाचा बोळा भिजवून त्या गोलावर ठेवला आणि चहा प्यायला गेलो. दहा मिनिटांनी बोळा उचलला तर तपकिरी रंग गेलेला आणि काळाही गेलेला, नुसतं उघडं राखाडी पोलाद चमकतंय. पोटात कालवलं माझ्या. शंभरीच्या घरात पोचलेली वस्तू आणि मी दहा मिनिटांत तिचं कातडं सोलून काढलं. नंतर कळलं ते असं की त्या लिक्विडमध्ये फॉस्फरिक ॲसिड असतंय, त्याला तांबडा गंज आणि काळं ब्ल्यूइंग ह्यातला फरक कळत नाही कारण दोन्ही लोखंडाचे ऑक्साइडच. ब्ल्यूइंग म्हणजे रंग नव्हे, मुलामा नव्हे, लोखंडालाच ठरवून आणलेला काळा गंज आहे तो. लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोला, जे जे म्हणून तांब्याची भांडी लख्ख करतंय ते ते ब्ल्यूइंग खातंय. कुणी प्रेमानं सल्ला दिला तरी ऐकू नका.

त्यानंतर मी हात आवरला आणि उद्यमनगरात एका मामांच्याकडं गेलो. रिव्हॉल्व्हर घेऊन गेलो नाही, फक्त फोटो नेले, कारण हत्याराची दुरुस्ती किंवा फिनिशिंग करायचं तर करणाऱ्याकडं त्याचं लायसन लागतंय, मामांचं शेड गिअर, पिना, स्पॅनर असल्या जॉबचं, तिथं हत्यार टेबलावर ठेवणं त्यांच्याही जिवाला घोर आणि माझ्याही. मामांनी चाळीसेक वर्षं हार्डनिंग आणि ब्लॅकोडायझिंग केलंय. ब्लॅकोडायझिंग म्हणजे हेच बरं का, बंदूकवाले ज्याला हॉट ब्ल्यूइंग म्हणतात ते आपल्याकडं मशीन शॉपमध्ये ब्लॅकोडायझिंग ह्या नावानं रोज चालतंय, ॲलन बोल्ट काळा असतो तो ह्यानंच.

मामांनी फोटो मोठा करून बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "रंग कुठं संपतोय?"

म्हटलं मामा, सिलिंडर संपतो तिथं.

"मग तापलेला नाही. जा, निवांत झोप."

मग समजावून सांगितलं. एक पॉलिश केलेली पट्टी घेतली, एका टोकाला गॅसची शेगडी धरली. थोड्या वेळात टोकाकडनं रंग सरकायला लागले, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा, एकामागं एक पट्ट्या. गवती रंग २२० डिग्रीच्या पुढंमागं, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या घरात, जुने कारागीर थर्मामीटर न लावता ह्याच रंगावर छिन्नीचं पाणी ओळखायचे. हे रंग म्हणजे पोलादावर चढलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, पावसात रस्त्यावर डिझेल सांडल्यावर दिसतात तसले, थर जाड होत जाईल तसा रंग बदलतो. मामांचं म्हणणं असं की आगीची धग कधी सगळीकडं सारखी नसते, म्हणून आगीतल्या हत्यारावर पट्टे दिसणार, नळीवर एक रंग, फ्रेमवर दुसरा, एका पार्टावरनं दुसऱ्या पार्टावर रंग ओघळत गेलेला. पार्टाच्या कडेला सुरीनं कापल्यासारखा रंग थांबतोय ह्याचा अर्थ तो रंग त्या पार्टाच्या पोलादाचा आहे, बाहेरच्या धगीचा नव्हे. किती सोपं आणि किती नेमकं! मी तीन रात्री ह्याच्यावर डोकं फोडत होतो.

मग जांभळा का? इथं मामा रंगात आले. ब्लॅकोडायझिंगची टाकी म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइटची मिठं पाण्यात विरघळवून उकळत ठेवायची, साध्या पाण्यासारखी १०० ला नाही तर १४० डिग्रीच्या आसपास ती उकळते. पाणी उडत जाईल तसं मिश्रण घट्ट होतं आणि उकळण्याचं तापमान चढत जातं, मग सांभाळून, चमच्या-चमच्यानं पाणी घालत ते खाली आणायचं, घाईनं ओतलं तर अंगावर उसळणार आणि ते उसळलं तर माणूस गेलाच. त्यांनी दिलेला दाखला मला फार आवडला, ते म्हणाले गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीकडं बघून सांगतो ना आता उतरवा म्हणून, ११८ डिग्री काय असते त्याला माहीत नसतंय पण बुडबुडा कसा फुटतोय त्यावरनं कळतंय, तसंच टाकीचं आहे. टाकी जास्त तापली किंवा फार दिवसांची घाण झालेली असली तर काळ्या ऑक्साइडच्या जोडीला तांबूस ऑक्साइड बसतं. टाकीतनं निघताना जॉब काळाच दिसतो, तेल लावलं की झकास, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो तांबूस वर येतो. काळ्यात तांबडं म्हणजे वांगी.

आणि एकाच टाकीतनं सगळे पार्ट निघाले तरी सगळे सारखे वागत नाहीत. पोलादात निकेल, क्रोम, सिलिकॉन किती आहे, पार्ट किती कडक केलाय, ओतीव आहे का घडीव, ह्या सगळ्यावर टाकीचं तापमान वरखाली करावं लागतंय. आता रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसाचा दाब झेलणारा पार्ट म्हणजे सिलिंडर, त्याचं पोलाद आणि त्याचं हार्डनिंग फ्रेमपेक्षा वेगळं असू शकतंय, मग फ्रेमला जे तापमान मानवलं ते सिलिंडरला मानवलं नाही असं मामांचं अनुमान. ह्यात नवल वाटण्यासारखं काही नाही, अमेरिकेतल्या रुगर कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या ओतीव फ्रेमा अशाच वर्षांनी जांभळ्या पडल्या आणि आता शौकीन लोक मुद्दाम तसल्या शोधून घेतात. रशियन आणि चिनी एसकेएस रायफलींचे काही पार्टही असेच जांभळे दिसतात. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात फौंड्री चालवणाऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणतील ह्यात काय मोठं, ओतीव मालाला रंग वेगळा येणारच!

पण मामांच्या बोलण्यात एक गोष्ट मला टोचली. म्हटलं मामा, ही टाकीची पद्धत तर नंतरची, हे हत्यार जुनं आहे. जुन्या काळी स्मिथ अँड वेसन आणि कोल्टवाले गॅसच्या भट्टीत कार्बोनिया म्हणून एक पद्धत वापरायचे, हाडांचा कोळसा आणि एक खास तेल घालून भट्टीत फिरवायचे, त्यातनं जो रंग यायचा तो खरोखर निळसर, खोल. ब्ल्यूइंग हे नावच असल्या निळसर रंगावरनं आलेलं. मग माझ्या हत्यारावर हे काळं कुठनं आलं?

"म्हणजे पोरा, तुझं हत्यार दुसऱ्यांदा काळं केलंय कुणीतरी. घोडा बघ. घोडा कसला आहे?"

घोडा काळा होता आणि चापही काळा. आणि इथंच सगळा उलगडा होता, इतकी वर्षं डोळ्यासमोर असून मला दिसला नाही. ह्या जातीच्या जुन्या स्मिथ अँड वेसनचा घोडा आणि चाप कधी काळा नसतो, तो केस हार्डनिंगचा असतो, हाडाच्या कोळशात तापवून पाण्यात सोडलेला, त्याच्यावर राखी, निळे, तपकिरी असे ढगांसारखे रंग पसरलेले असतात, कंपनीची ती ओळखच आहे. माझा घोडा काळा म्हणजे हत्याराचे सगळे पार्ट सरसकट टाकीत बुडवलेले. घरी येऊन भिंग घेऊन बसलो आणि मग एकेक पुरावा आपोआप पुढं आला. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झालेल्या, बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, दाबून घासलं की असं होतं. नळीवरची अक्षरं मधोमध पुसट. फ्रेमच्या धारदार कडा गोल झालेल्या. मूठ काढून बघितली तर आत, जिथं बफ पोचत नाही तिथं, काळ्या रंगाखाली बारीक बारीक खड्डे, देवीचे व्रण असतात तसे. आणि ती पांढरी पावडर! ती टाकीतली मिठं. प्लेटच्या सांध्यात, स्क्रूच्या आट्यांत शिरलेली मिठं नीट धुऊन काढली नाहीत तर तिथंच बसून राहतात, कोरड्या दिवसांत गप्प असतात, हवेत ओल आली की पाणी धरतात आणि बाहेर येऊन पांढरी होतात. म्हणूनच ती मला कधी उन्हाळ्यात दिसली नव्हती.

एवढे खड्डे पडले म्हणजे हत्यार पाण्यात होतं. कुठलं पाणी, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. हत्यार होतं चिखलीच्या घरात, आणि डिपॉझिटला गेलं २०२० मध्ये, म्हणजे २०१९ च्या पुरानंतर.

तरी आबांच्याकडं गेलो. भांडायला नव्हे, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. आबा ऐंशीच्या पुढचे, दारातल्या खुर्चीवर बसले होते. मी फोटो दाखवला, म्हटलं आबा, सिलिंडर जांभळा व्हायलाय. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आणि पांढरं येतंय काय अजून?" म्हणजे त्यांना माहीत होतं.

मग त्यांनी सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, हे कोल्हापुरात लहान पोराला पण पाठ आहे. चिखलीला पूर नवा नाही, संगमावरचं गाव, २००५ ला पाणी घरात कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर होती. आबांनी त्या खुणेच्या दोन हात वर, माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत सगळी कागदं आणि हे रिव्हॉल्व्हर ठेवलं, बंदूक आणि रायफल आधीच कोल्हापुरात थोरल्या मुलाकडं होती. रात्री पाणी एवढ्या झपाट्यानं चढलं की बोटीतनं बाहेर काढताना म्हातारीला धरायचं का ट्रंक धरायची, म्हातारीला धरलं. हायवे शिरोलीजवळ बंद, सगळं बंद, पाणी उतरून माळ्यापर्यंत पोचायला किती दिवस गेले त्यांनाच नीट आठवत नाही. ट्रंक उघडली तर आत अर्ध्यापर्यंत गाळ आणि गाळात हे. सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं, असा लगदा होता म्हणाले. होल्स्टर फुगून फाटलेलं, पोलाद वीटकरी झालेलं. नंतर ओळखीनं बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका कारागिराकडं देऊन ते घासून काळं करून आणलं. "तुला सांगायला पाहिजे होतं," एवढं म्हणाले आणि पुढं बोलले नाहीत. मी पण काही बोललो नाही. आईंनी चहा आणला, त्याच त्या, बोटीत धरलेल्या, त्यांच्याकडं बघून मला एकदम भरून आलं.

तो वांगी रंग म्हणजे पुराचा रंग आहे. पाण्याचा नाही, पाण्यानंतरच्या घाईचा.

राहिले तपकिरी गोल आणि हिरवा थर. हिरव्याचं कोडं सोपं होतं पण मजेदार निघालं. नवं होल्स्टर मी चप्पल लाईनमधल्या एका कारागिराकडनं हौसेनं शिवून घेतलं होतं, कोल्हापुरी चपलेचंच कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. मार्चच्या शेवटाला हत्यार जमा करताना मी ते होल्स्टरमध्येच घालून दिलं आणि जूनपर्यंत ते तसंच राहिलं, वळवाचा पाऊस, दमट हवा, सगळं त्यात मुरलं. ही चूक माझीच. कातडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना मुरलेलं आम्ल त्याच्यात असतं, त्यानं पितळी बटणातलं तांबं हिरवं झालं, पूजेची तांब्याची भांडी राख लावून न घासता ठेवली तर जशी कळकतात तसंच हे. आणि होल्स्टर उलटं करून बघितलं तर आत कातड्यावर रिव्हॉल्व्हरच्या आकाराचा निळा-काळा ठसा उमटलेला! हिरड्याचं पाणी आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई होते, पूर्वीच्या काळी शाई आणि काळा रंग असाच करायचे. म्हणजे माझं पोलाद थोडं थोडं शाई होऊन कातड्यात जात होतं. होल्स्टर आता खुंटीला टांगलंय, शेतावर जाताना तेवढ्यापुरतं वापरतो, आल्यावर लगेच बाहेर.

तपकिरी गोल कळायला मात्र दसरा उजाडावा लागला. खंडेनवमीला आईनं नेहमीसारखी पूजा मांडली, विळा, खुरपं, कोयता, मोटरचा पाना, ट्रॅक्टरची चावी आणि पाटावर लाल कापड घालून रिव्हॉल्व्हर. आईनं बोट ओलं केलं, हळदीकुंकवात बुडवलं आणि टेकवलं ते बरोबर त्या राखाडी डागावर. वर झेंडूचं फूल ठेवलं. मी काही न बोलता बघत होतो. दरवर्षी तीच जागा, ओलं गंध, वर ओलं फूल, आणि दसरा चौकात सोनं लुटून घरी येऊन, जेवून, दुसऱ्या दिवशी कधीतरी पूजा उचलायची. म्हणजे दीड-दोन दिवस तेवढ्याच गोलावर ओल, ते पण ऑक्टोबरच्या घामट हवेत. ब्ल्यूइंगचा थर किती जाड असतो माहीत आहे? एक-दोन मायक्रॉन, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. तेल नसेल तर त्याचा गंजापासून आधार जवळजवळ काहीच नाही, आणि आई पूजेआधी हत्यार स्वच्छ म्हणून तेल पुसून कोरडं करायची. आईला मी हे सांगायला कचरत होतो, पण संध्याकाळी सांगितलंच, फोटो दाखवला, आधीचा तपकिरी आणि आत्ताचा. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पुढच्या खेपेला पेटीत ठेव, मी पेटीला लावीन. देवाला काय, पेटी काय नि आतलं काय."

दिवाळीनंतर, विधानसभेची गडबड संपल्यावर, लायसन असलेल्या गनस्मिथकडं नेलं. त्यानं पण आधी रंग कुठं संपतोय तेच बघितलं, सिलिंडर लॉक होतोय का, हलतोय का, घोड्याची स्प्रिंग बसलीय का, सगळं तपासलं आणि म्हणाला चालायला काही अडचण नाही, खड्डे सगळे वरवरचे आहेत, नळी आतनं ठीक आहे. मग विचारलं, परत ब्ल्यूइंग करून देऊ का, एकदम नव्यासारखं? मी आधी हो म्हणणार होतो. पण तोच म्हणाला की परत करायचं तर परत बफ लागणार, अक्षरं आधीच पुसट आहेत, अजून एकदा घासलं तर नळीवरचं कंपनीचं नाव जाईल, भोकांच्या बशा अजून खोल होतील. माझ्या मते हे असलं खरं सांगणारा कारागीर मिळणं मोठी गोष्ट आहे, त्याला दोन पैसे जास्त मिळाले असते. मी नको म्हटलं. राखाडी डागावर त्यानं कोल्ड ब्ल्यू लावून दिलं, ते सेलेनियमचं रसायन असतं, विषारी असतं, हातमोजे घालूनच वापरायचं, आणि त्याचा काळा टाकीच्या काळ्याशी कधी जुळत नाही, थोडा करडाच राहतो. बोट घासलं की एक विशिष्ट वास येतो, जुनं हत्यार घेताना कुठं टचअप केलंय हे नाकानं पण ओळखता येतं असं तो म्हणाला, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

खरं काम मात्र प्लेट उघडून झालं. आतले पार्ट काढून उकळत्या पाण्यात परत परत धुतले, मिठं निघेपर्यंत, गरम आहेत तोवरच वाळवले आणि तेल दिलं. घोड्याच्या बुडाशी तर पांढरा खडाच धरलेला होता.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडं सगळ्याला खोबरेल तेल लावायची सवय, कुलपाला, बिजागरीला, हत्याराला पण. थंडीत ते गोठतं आणि जुनं झालं की चिकट होऊन त्यात धूळ बसते. शिवणमशीनचं पातळ तेल बरं, ते पण हात लावून झाल्यावर, कारण हाताच्या घामातलं मीठच पहिलं खातं. दुधाळीच्या शूटिंग रेंजवर जाणारा माझा एक मित्र आहे, तो म्हणतो काही माणसांच्या हाताचा घाम असा असतो की संध्याकाळी हात लावला तर सकाळी बोटांचे ठसे तांबडे उठतात. मी आता पुसूनच ठेवतो, पत्र्याच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

यंदा, म्हणजे २०२५ ला, पाऊस मेपासूनच लागला. दर आठवड्याला पेटी उघडतोय, स्क्रूच्या कडेला भिंग लावून बघतोय. आषाढ गेला, श्रावण लागला, पांढरं आलेलं नाही. सिलिंडर गेल्या वर्षीपेक्षा जरा जास्त वांगी झालाय, परवा उघडीप मिळाली तेव्हा दारात नेऊन बघितला, आणि फोटो काढून आबांच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवला.